निलगिरीचे डहाळे

मी अंबाजोगाईत औषधशास्त्र शिकवते आणि मामा सिरसाळ्याला शेळ्या पाळतो. परवा त्याचा फोन आला. मोबाईलवर त्यानं ऑस्ट्रेलियातला कोआला बघितला होता, पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा.

"निलगिरीचा पाला खाऊन लई गुटगुटीत झालंय बघ ते. म्हणून बांधावरचे डहाळे तोडून शेळ्यांम्होरं टांगलेत."

माझं डोकंच फिरलं. "अरे मामा, त्याचं लिव्हर वेगळं असतं. त्यातली एन्झाइम्स निलगिरीचं विष फोडून टाकतात. दुखण्यावरचं औषध दिलं तरी त्याच्या अंगात फार टिकत नाही. शेळीला कुठून जमणार ते?" एवढं सुनावून मी गाडी काढली.

पोचले तर शेळ्या निवांत रवंथ करत होत्या. डहाळ्यांचं एक पानही तुटलं नव्हतं. डहाळे बांधलेली सुतळी मात्र कुरतडून अर्धी खाल्लेली. माझा जीव भांड्यात पडला, रागही ओसरला.

मामा उरलेली सुतळी सोडवत होता. खालच्या आवाजात म्हणाला, "आता एवढंच सांग, सुतळी पचवायचं काई हाय का ह्यांच्या लिव्हरात?"