टेपच्या दोन्ही बाजू

"कशाच्या?" असं विचारल्याशिवाय आमची शिवणवाली बाई कात्री हातात घेत नसे. गिऱ्हाईक म्हणालं, बाही अर्धी ठेवा, की गळ्यातली टेप काढून विचारणार, "कशाच्या अर्धी? कोपरापर्यंतच्या की मनगटापर्यंतच्या?" अशा माणसांना तुम्हीही वैतागला असाल. मी रोज वैतागायचे, कारण नंदाखाल गावातल्या आमच्या घराची पडवी मीच तिला शिलाई मशीनसाठी दिली होती.

बोलायला ती गोड नव्हती. मीही नाही. म्हणून आमचं जमलं.

माझी नात सातवीत गणितात नापास झाली. अपूर्णांक, दशांश, टक्के, काहीच कळेना. एका सकाळी दप्तर खाली टाकून म्हणाली, "आजी, मी शाळा सोडते. काकूंकडे शिवण शिकते. त्यात गणित नसतं."

मी चौथीनंतर केळीच्या वाडीत गेले, ती तिथेच राहिले. हिला समजावण्याइतकं मला येत नव्हतं. ओरडता येत होतं, ते केलं.

पडवीतून आवाज आला, "मावशी, पाठवा तिला इकडे."

बाईने तिच्यासमोर वर्तमानपत्राचे चार कागद एकावर एक ठेवले. "आजीचं ब्लाउज काप. छाती चाळीस इंच."

पुढचा भाग एक, मागचा एक, असा विचार करून पोरीने अर्धे घेतले, वीस. कापलेले चारही कागद टाचण्यांनी जोडून माझ्या अंगाला लावले, तर ते ढगळ लोंबायला लागले.

"मावशी, शेजारणीलाही आत घ्या," बाई म्हणाली. मग नातीकडे वळून, "तुकडे किती झाले?"

"चार."

"मग छातीचा कितवा भाग घ्यायचा?"

"चौथा. दहा इंच." आणि कुणी न सांगता तिने नवे कागद ओढले.

त्यानंतर ती रोज शाळेतून आली की पडवीत बसायची. टेपच्या एका बाजूला इंच, त्यात आठ भाग. उलटी केली की सेंटिमीटर, त्यात दहा.

"अर्धा इंच म्हणजे?"

"आठातले चार."

"आणि अर्धा सेंटिमीटर?"

"दहातले पाच. अगं काकू, म्हणजे शून्य पूर्णांक पाच हेच?"

"मग काय वेगळं असतंय?"

टक्केही तिथेच झाले. सुती कापड धुतल्यावर शंभर सेंटिमीटरला पाच आटतं, तर दोनशेला किती? पोर म्हणाली, "दहा. पण टक्के पाचच." बाईने मशीन सुरू केलं. ती शाबासकी होती, हे मला माहीत होतं.

वर्षाच्या शेवटी नात पास झाली. फार मार्क नव्हते, पण पास. त्या दुपारी मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. नात पेढे घेऊन गेली तेव्हा बाई म्हणाली, "बरं झालं. आता इथे येऊन बसू नकोस. पुढचं पुस्तक उघड."

गेल्या वर्षी बाई वारली. दोन दिवसांचा ताप, बस. पडवी भाड्याने मागायला लोक येतात, मी नाही म्हणते.

नात आता अकरावीला आहे. सकाळी साडेसहाला रिक्षा येते. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकाशी उभी राहते, मग निवांतपणे केळींना पाणी सोडते.