शेवटच्या चित्राची पाठ

दुपारी जेवून जरा आडवी होते. उशाशी कोरा कागद, रंगांची डबी, वाटीत पाणी. डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी पलंगाच्या कडेला टेकतं.

"झोपा काढ! मुलं कधीची येऊन बसलीत."

अक्का. माझी थोरली बहीण. जाऊन वर्ष होत आलं, तरी मला झोपेतून उठवायची खोड काही गेली नाही.

"अक्का, तू गेलीस ना गं?"

"गेले म्हणून कामं थांबतात होय?"

मी उठते तर पलंग नाहीच. आम्ही तिच्या वाचनालयात आहोत. सतरंजीवर मुलं, समोर लाकडी चौकट, चौकटीत आमच्या बगळ्याच्या गोष्टीचा चित्रांचा गठ्ठा. चित्रं माझी, प्रत्येक चित्राला एक हायकू तिचा. ही जपानी रीत तिनेच कुठूनशी शिकून आणलेली. मुलांना सगळ्यांत पुढचं चित्र दिसतं आणि सांगणारीला गठ्ठ्यातल्या शेवटच्या चित्राची पाठ. म्हणून पहिल्या चित्राचा हायकू शेवटच्याच्या पाठीवर लिहायचा. "शेवटचं चित्र दे, मग पहिला हायकू देते," असं मला चिडवत राहिली आणि तो सोबत घेऊनच गेली. आता गोष्ट सुरूच करता येत नाही.

"सांग ना तो हायकू. पाया पडते तुझ्या."

"आधी चित्र."

"काढलं होतं की! किती वेळा काढलं."

"त्यात बगळा होता. शेवटी तो उडून जातो, कुंदे. तळं रिकामं हवं."

"मला नाही जमत ते. तळं रिकामं काढलं की तू खरंच गेलीस, असं होईल. मला नकोय ते."

सतरंजी ओली लागते, मग पायाखाली चिखल. मुलं नाहीत. आम्ही दोघी तळ्याकाठी उकिडव्या बसलोय. अक्का पदर खोचते आणि ब्रश पाण्यात बुडवून माझ्या हातात देते.

"मी गेलेच आहे, वेडाबाई. तू काढलंस काय, न काढलंस काय."

मी रडत रडत पाणी काढते. नुसतं पाणी. ती शेजारी बसून बघत राहते.

"आता पालथं कर आणि लिही. मला पेन्सिल धरवत नाही."

ती माझ्या कानाशी वाकते. तिच्या अंगाला नेहमीचा कापराचा वास आहे.

जाग येते तेव्हा उन्हं कलली आहेत. खोलीत कुणी नाही. तरी मी "अक्का" म्हणून हाक मारून बघते.

कागदावर तळं आहे. अजून ओलं, बगळा नसलेलं. उचलून मागे बघते तर पेन्सिलीने तीन ओळी. अक्षर माझंच, गिचमिड. शब्द मात्र मी जन्मात ऐकलेले नाहीत.

वाळेपर्यंत फुंकर घालत बसते. मग कपाटातला गठ्ठा काढून चित्र त्याच्या मागे लावते, चौकटीत सरकवते आणि मोठ्याने वाचते:

तळ्याच्या काठी
कुणी नव्हतं, आणि
बगळा आला.