कोमट पाण्याचा थर्मास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. पोटात ठेवून ठेवून थकले आता — म्हणून तुम्हाला सांगते. ऐकाल ना?

मी दातांची डॉक्टर. नागपुरात दातांच्या डॉक्टरचं अर्धं आयुष्य खर्ऱ्यात जातं — सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला तो खर्रा. तो चघळून चघळून गाल आतून घट्ट होत जातात, तोंड उघडेनासं होतं. आमच्या संस्थेतल्या रसायनशास्त्राच्या मंडळींनी हळदीपासून एक मलम बनवलं होतं. ते लावून तोंड किती उघडतं, हे मोजायचं काम माझ्याकडे. मलम लागू पडलं असतं तर माझी बढती नक्की होती. आणि मलम — लागू पडत नव्हतं. निदान मला हवं तेवढं तरी नाहीच.

मलमाच्या चाचणीतल्या रुग्णांपैकी एक देवराव, इतवारीत भांड्यांच्या दुकानात हमाली करायचे. पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडात त्यांचीच दोन बोटं जाईनात. तेव्हा मी मोजलं ते थेट, बाहेरून आल्या आल्या. शेवटच्या दिवशी मात्र — कसं सांगू? — घरून थर्मासमध्ये कोमट पाणी नेलं. त्यांना गुळण्या करायला लावल्या, जबडा शेकला, लाकडी पट्ट्या दातांत सरकवत तोंड ताणलं. मग मोजलं. असं केलं की कुणाचंही तोंड घटकाभर जास्त उघडतं. मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं म्हणूनच तर थर्मास नेला. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत हेच केलं.

तीन बोटं गेली! देवराव बोटं तशीच तोंडात ठेवून बाहेर बसलेल्या बायकोला दाखवायला धावले. परत आले ते हसतच.

"आता तं दवाई निघाली ना, मॅडम. मंग दिवसाचा एखादा खर्रा चालते का?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण शेजारी आमचे साहेब उभे होते. "नको, हे तोंड संध्याकाळपर्यंत पुन्हा आखडेल" — खरं सांगायचं तर हे सांगावं लागलं असतं. मी नुसती हसले. देवरावांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. तो तसा घेतला हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी मी पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

बढती मिळाली. सत्कारही झाला, त्यात मिळालेली शाल अजून कपाटात आहे.

काही वर्षांनी देवराव आले ते गालात न भरणारी जखम घेऊन. कॅन्सर होता. अर्धा जबडा काढावा लागला. जीव वाचला, एवढंच.

परवा धरमपेठेत भाजी घेताना दोघं समोर आले. पळावंसं वाटलं, पण त्यांनी ओळखलं होतं. देवरावांचं बोलणं आता फक्त त्यांच्या बायकोला कळतं. ते काहीतरी बराच वेळ बोलले, हात जोडले. तिनं सांगितलं, "ते म्हणून राहिले, मॅडमनं तं तोंड उघडून देल्लं होतं. मीच पुन्हा खर्रा धरला. मॅडमचा काई दोष नाई."

दोघंही माझ्याकडे बघत थांबले — मी काही म्हणेन म्हणून.

मी हसले. अगदी त्या दिवशीसारखीच.