रणातली खूण
हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. काल दुकानात कोणीतरी ओआरएसचं पाकीट फाडलं आणि त्या संत्र्याच्या वासाने कच्छचं रण परत समोर आलं. सचिन नावाच्या गावात लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मी सुपरवायझर होतो आणि ज्याची ही गोष्ट, तो माझा मित्र तिथला कारागीर, धुळ्याकडचा. लूमवर कान गेलेल्या कामगारांना श्रवणयंत्रं मिळावीत म्हणून देणग्या गोळा करत आम्ही दोघे रणातल्या चार दिवसांच्या शर्यतीत उतरलो. "बारा-बारा तास मशीनपाशी उभा राहतो मी. तुम्ही खुर्चीवाले, साहेब, तुम्हाला खांद्यावर आणावं लागंल," असं तो चिडवायचा. तिसऱ्या दुपारी पांढऱ्या मिठावर डोळे उघडवत नव्हते, बुटांखाली पापुद्रे करकर मोडत होते. मी मागे पाहिलं. तो खाली बसला होता आणि दोन्ही हात डोक्यावर हलवत होता. कारखान्याच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, तेव्हा आम्ही अशीच खूण करतो: मशीन बंद कर, इकडे ये. मला ती कळली. पण माझ्यापुढे फक्त चौघे होते. मागचं कोणी बघेल, म्हणत मी पळत राहिलो. मागच्यांना तो बेशुद्ध सापडला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. कोसाडला त्याच्या घरी वहिनींनी एवढंच विचारलं, "भाऊ, त्यांनी तुम्हाला हाक नाही मारली?" मी म्हणालो, "नाही, वहिनी." ते खोटं नव्हतं, म्हणूनच इतकी वर्षं टिकलं. त्याने मला बोलावलं होतं आणि मी पाहिलं होतं, हे वहिनींना सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.