धायरीच्या गेटवरचे पाच टँकर

"मॅडम, आपण पोहण्याचा तलाव बांधताय का? तसं असेल तर कमिटीला लेखी अर्ज लागतो."

फोनवर धायरीतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, जोशीकाका. गेटवर पाण्याचे तीन टँकर उभे होते, आणखी दोन वाटेवर. पाचही माझ्या नावावर. टाकी तर सकाळीच भरलेली.

मी ऑफिसात होते. वय पंचावन्न, म्हणजे तसं पोरवयच. टीममध्ये सगळ्यांत सीनियर असल्याचा तोरा मात्र भरपूर.

आमची कंपनी सोसायट्यांना टँकर बुक करून द्यायची. मी त्यासाठी क्लायंट लायब्ररी लिहिली होती. म्हणजे सोसायट्यांची अ‍ॅप्स बनवणाऱ्यांनी आमच्या सर्व्हरशी कसं बोलायचं, याचा तयार कोड. खिडकीवर जाऊन तुमचा फॉर्म भरून देणारा माणूसच समजा. लायब्ररी ओपन सोर्स होती. कोड सगळ्यांना उघडा. कोणीही फुकट वापरावा, चुका काढाव्यात. त्याच दुपारी तिचा रिलीज होता, म्हणजे ती पहिल्यांदाच लोकांना वापरायला मिळणार होती.

रिलीजआधी कोड नीट चालतो का हे बघायला टेस्ट चालवतात. त्यासाठी नकली सर्व्हर ठेवायची पद्धत आहे. तो बुकिंग घेतल्याचं नाटक करतो, टँकर पाठवत नाही. माझी बॉस मृणाल, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तिने हे दोनदा सुचवलं होतं. "लुटुपुटूच्या सर्व्हरवर पास होऊन काय उपयोग?" असं तिला सुनावून मी गुपचूप माझंच केलं. माझी टेस्ट खऱ्या सर्व्हरवर, माझ्याच घरच्या पत्त्यावर टँकर बुक करायची, बुकिंग झालंय का बघायची आणि लगेच रद्द करायची. दोन महिने बिनबोभाट चाललं. मी स्वतःवर फार खूश होते.

त्या दिवशी ऐन वेळी मी कोडमध्ये एक बदल केला आणि टेस्ट मध्येच अडकली. स्क्रीन लाल. मी पुन्हा चालवली. पुन्हा लाल. अशी पाच वेळा. का अडकतेय ते वाचायचे कष्ट घेतले नाहीत. बुकिंग होत होतं. रद्द करायची पायरी येतच नव्हती.

जोशीकाकांचा फोन ठेवते तोच मृणाल आली.

"काकू, वाघोलीच्या सोसायटीतल्या शेळकेबाईंचा फोन होता. सकाळपासून नळ कोरडे, आणि आपले सगळे टँकर म्हणे धायरीला गेलेत. धायरीला एवढं काय आहे?"

"मी आहे," मी म्हटलं.

ती हसली नाही. मग मीच टँकरवाल्याला फोन लावला.

"ताई, हितं टाकी भरल्याली हाय. वतू कुठं?"

"वाघोलीला न्या."

"ह्या टायमाला? आख्खं पुणं वलांडायचं. दोन तास लागत्याल."

"सगळे न्या."

मग शेळकेबाईंना फोन केला. सर्व्हर डाऊन होता, असं सांगायचा मोह झाला होता. पण बाई म्हणाल्या, "घरात सून बाळंतीण आहे हो, दहा दिवसांचं बाळ आहे." मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे टाकी भरलेली होती ना? मग तुम्ही आंघोळ करून घ्या. आम्ही थांबतो."

पहिला टँकर पावणेपाचला पोचला. मृणालने रिलीज थांबवला. पुढचे तीन दिवस मी तोच लुटुपुटूचा सर्व्हर लिहीत बसले. लायब्ररी आठवडाभर उशिरा बाहेर पडली आणि पहिल्या दिवसापासून नीट चालली.

आता मी रिटायर झालेय. लायब्ररी कोणी कोणी अनोळखी माणसं सांभाळतात. नातीने परवा लायब्ररीची वेबपानं उघडून दाखवली. नव्याने कोड पाठवणाऱ्यांसाठी नियम आहेत. पहिला नियम मृणालने तेव्हा लिहिलेला, अजून तसाच आहे: "टेस्टमधून काकूंच्या घरी पाणी पाठवू नये." नातीने विचारलं, या काकू कोण. मी म्हटलं, होती एक शहाणी.

एक गोष्ट मात्र त्या शहाणीने बरोबर केली होती. पत्ता स्वतःचा दिला होता, म्हणून चूक तिच्याच गेटवर येऊन हॉर्न वाजवत उभी राहिली. दुसऱ्याचा दिला असता, तर ती अजूनही पुन्हा पुन्हा टेस्ट चालवत बसली असती.