आवाजाचं बटण नसलेला गेम

अमरावतीच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या एका माणसाने माझं डोकं उठवलं होतं. खिशात चांगला टचचा फोन, आणि हातात मात्र ठोकळे पाडायचा तो पोरासोरांचा व्हिडिओ गेम. अख्खा रस्ताभर टुंई-टुंई. एकदा म्हटलं, "अहो, फोनवर खेळा ना, आवाज तरी बंद करता येईल." तर म्हणे, "फोन खेळासाठी नसते, सर."

परवा गेम खेळून माझ्याच फोनची बॅटरी संपली. घरी कळवायला त्याचा फोन मागितला, तर त्याने साफ नाही म्हटलं. वरून तो गेम माझ्या हातात कोंबला.

मी भडकलोच. "एक फोन लावला तर काय झिजतं हो तुमचं?"

"वलगावले मोठा भाऊ एकटा असते वावरात. यंदाबी पीक गेलं, तवापासून लय गुमसुम राहाते. त्यानं फोन लावला अन् माहा लागलाच नाई तं?"

तेवढ्यात फोन वाजला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. "बोल दादा. जेवला काय?"

पलीकडून काही ऐकू येईना, म्हणून त्याने दुसऱ्या कानात बोट घातलं. माझ्या हातातला गेम टुंई-टुंई करतच होता. तो बंद कसा करतात ते मला कळेना. शेवटी मी तो दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट दाबून धरला.