पाच फुटांचा पलंग

“ह्याला बसवा पलंगावर. बुटका आहे, खोली मोठी दिसेल.”

बिल्डरचे विक्रीचे साहेब असं म्हणाले तेव्हा खोलीत आठ-दहा माणसं होती. कॅमेरावाला होता, लाइटवाले होते, कंपन्यांच्या संघटनेचे एक गृहस्थ होते. सगळे माझ्याकडं वळले आणि हसले. मीही हसलो. हस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप हसलो. साहेबांच्या बोलण्यापेक्षा त्या हसण्याचीच लाज मला जास्त वाटते, अजून.

मी चार फूट दहा इंच. सातवीनंतर शाळा सुटली. हिंगोलीकडचं गाव सोडून सुतारकामाला इकडं आलो, त्याला बारा वर्षं झाली. आणलं आमच्या मिस्त्रींनी. आकुर्डीत रंधा धरायला त्यांनी शिकवलं. कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात तेच बसून राहिले. चाकण रस्त्याच्या साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये झोपायला जागा मिळाली, तीही त्यांच्याच शब्दावर. उपकार मी विसरत नाही. म्हणून तर इतके दिवस गप्प बसलो.

काम होतं नमुना फ्लॅटचं. कारखान्यातल्या कामगारांसाठी घरं, अशी ती योजना. सरकारनं बिल्डरला जादा मजल्यांची सवलत दिली. अट एकच. आधी कामगारांची छोटी घरं विकून दाखवा, मग शेजारच्या मोठ्या टॉवरला परवानगी. संघटनेनं कंपन्यांतल्या कामगारांच्या याद्या दिल्या, हप्ता पगारातूनच कापून देऊ म्हणाले. उद्घाटनाला तिन्हीकडचे लोक एका स्टेजवर बसले आणि एकमेकांना शाली घातल्या. ज्यांनी त्या घरात राहायचं, त्यातलं कुणीच स्टेजवर नव्हतं.

घरं लवकर खपायला हवी होती, आणि खोल्या होत्या एवढ्याशा. मग साहेबांनी मिस्त्रींना मापं दिली. पलंग सव्वासहा फूट लांब असतो, हा पाच फुटांचा. कपाट दोन फूट खोल लागतं, हे सव्वा. त्यात हँगर सरळ बसत नाही, म्हणून शर्ट तिरके टांगायचे. झोपायच्या खोलीला दार लावायचंच नाही. दार असलं की ते पलंगाला अडतं हे दिसतं. खोली मात्र कागदावर जेवढी तेवढी. एक इंच कमी नाही. कुणी तक्रार केली तर खोली मोजून दाखवता येते. पलंग कोण मोजतो?

मी विचारलं होतं, “मिस्त्री, ह्याच्यावर माणूस झोपणार कसा?”

“बघायला केलाय तो, झोपायला नाही. मापं त्यांची, रंधा आपला. तू जास्त डोकं लावू नको राव.”

फोटोसाठी मला कामगारासारखा निळा शर्ट घातला. शेजारी बायको म्हणून झाडलोट करणाऱ्या सुमनताईंना बसवलं. त्याही माझ्याएवढ्याच. त्या हळूच म्हणाल्या, “घ्या, लागलं लग्न. आता रेशनकार्डावर नाव चढवा माझं.”

तो फोटो मोठा होऊन चाकणच्या चौकात लागला. कुणीतरी मोबाइलवर गावाला धाडला. बायकोचा फोन आला.

“घर घेतलं अन् सांगितलं बी नाही? अन् ती बाई कोण हाय?”

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे घर बी खोटं अन् बाई बी खोटी. आमाला तिथं कव्हा नेता, तेवढं तरी खरं सांगा.”

शेडमध्ये बायकापोरांना मनाई होती. मी म्हणालो, बघू.

पुढं दर रविवारी मला शर्ट घालून नमुना फ्लॅटमध्ये बसवायला लागले. साहेबांची सूचना एवढीच. “बोलायचं नाही. कुणी आलं की आडवा हो. पाय ताणून.” मी आडवा व्हायचो. लोक बघायचे, माणूस मावतो. मग बाहेरच्या टेबलावर जाऊन सही करायचे. मला तोंड उघडावंच लागत नव्हतं, माझं अंगच खोटं बोलत होतं. उठावंसं वाटायचं. पण उठलो तर काम जाणार, शेड जाणार, मिस्त्रींचा शब्द जाणार. छताकडं बघत पडून राहायचो.

एका रविवारी एक उंचापुरा माणूस आला. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर. सोबत म्हातारी आई, वॉकर धरून चाललेली. मला राहवलं नाही. “या माय, टेका जरा,” म्हणालो.

तो चमकला. “भाऊ, बोलणं आपल्या तिकडचं दिसतंय! मग खरं सांगा. आमच्या मायला रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं. पलंगाच्या पायथ्यानं संडासापर्यंत वॉकर जाईल ना?”

त्या खोलीत पायथ्याशी तीन फूट वाट होती. खरा पलंग ठेवला की पावणेदोन उरते. वॉकरच दोन फुटांचा. साहेब माझ्याकडं बघत होते.

“जाईल,” मी म्हणालो.

म्हातारीनं माझ्या गालावरून हात फिरवला. “तुहं भलं होवो लेकरा. लई मोठी खोली हाय.”

ते दोघं टेबलाकडं वळले. कसा उठलो माहीत नाही.

“दादा, थांबा. सही करू नका. आधी ह्या पलंगावर आडवे व्हा.”

तो गोंधळला, पण आडवा झाला. अर्ध्या पोटऱ्यांपासून पाय बाहेर लोंबायला लागले. खोली बघायला आलेली बाकीची माणसं दारातून बघत राहिली.

“हा पाच फुटांचा आहे. मीच केलाय. खरा ठेवला तर मायचा वॉकर जाणार नाही. मी खोटं बोललो.”

साहेब चिडले नाहीत. आवाजही चढवला नाही. “शर्ट काढ,” म्हणाले. “आमचा आहे.”

बायामाणसांसमोर बटणं काढली. फाटक्या बनियनवर उभा राहिलो.

शेडमध्ये मिस्त्री आले. “माझी मान खाली घालायला लावलीस,” एवढंच बोलले. त्यांच्या पाया पडलो आणि हत्यारांची पेटी उचलली.

गेटवर तो उंच माणूस भेटला. खाली बघत म्हणाला, “भाऊ, सही केली मी.”

“का?”

“ह्या पगारात दुसरं कोण देतं? भाड्याच्या खोलीला जिना हाय, मायला चढवत नाही. इथं लिफ्ट तरी हाय. पलंग नको. खाली गादी टाकू.”

वॉकरवालं माणूस खालच्या गादीवरून उठणार कसं, हे दोघांनाही कळत होतं.

म्हणजे माझ्या खरं बोलण्यानं कुणाचं काही वाचलं नाही. त्याची खोली तेवढीच राहिली. टॉवरची परवानगीही आली असं ऐकतो. आता मी तळेगावला एका फर्निचरवाल्याकडं आहे, चौघांत एक खोली. बायको-पोरगी गावालाच.

पण दर रविवारी मी त्या गेटसमोर जातो. बाहेरच्या रस्त्यावर खडूनं ती खोली आखतो. भिंतीच्या मापात भिंत, सव्वासहाचा पलंग, दोन फुटांचं कपाट, दार जिथपर्यंत उघडतं ती गोल रेघ. येणाऱ्याला म्हणतो, आत जायच्या आधी इथं पडून बघा, चालून बघा. काही हसतात. काही रेघेवरून गाडी नेतात. काही खरंच चप्पल काढून आत उभे राहतात, आणि मग आत जाऊन साहेबांना दाराचं विचारतात.

वॉचमन म्हणतो, “भावा, तुझ्यापायी माझी नोकरी जाईल.” साहेबांनी निरोप धाडलाय, येत्या रविवारी पोलीस बोलावणार.

भीती वाटते. खोटं कशाला सांगू? दोन दिवस झाले, जेवण गोड लागत नाही. पण मी जाणार. आधी खोली आखणार, पुरी, दारासकट. मग पोलीस आले तर त्यांनाही सांगणार, हवालदारसाहेब, एकदा इथं आडवे व्हा, आणि मग ठरवा मला कशासाठी न्यायचं ते.